सीमेन्सचे तुकडे: फ्रिज कुणाचा, टर्बाइन कुणाचं आणि सीमेन्सकडे उरलं काय?

७ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळीच मावसभावाचा फोन. "दादा, माझा सीमेन्स निम्म्यावर आलाय. विकून टाकू का?" ट्रम्प टॅरिफच्या धसक्याने त्या दिवशी अख्खा बाजारच आपटला होता, त्यामुळे त्याला वाटलं गेले पैसे. त्याच्याकडे होते फक्त सहा शेअर, पण पहिल्या पगारातले. ब्रोकरच्या अ‍ॅपवर लाल रंगात मोठा आकडा आणि खाली स्पष्टीकरणाचा एक शब्द नाही.

झालं होतं एवढंच की भारतातल्या सीमेन्स लिमिटेडने आपला ऊर्जा व्यवसाय वेगळा काढला होता. एका शेअरमागे नव्या 'सीमेन्स एनर्जी इंडिया'चा एक शेअर मिळणार होता. घराची वाटणी झाली आणि अ‍ॅपने तुम्हाला तुमच्या एकाच खोलीची किंमत दाखवली, असं समजा. मी त्याला म्हटलं, गप्प बस, काही विकू नकोस.

पण वाटणी का? ते समजायला जर्मनीत जावं लागतं.

सीमेन्सची सुरुवात १८४७ ची, बर्लिनमधली, तारयंत्रं बनवण्यापासून. १८७० मध्ये लंडन ते कलकत्ता तारेची लाइन चालू झाली, ती यांनीच टाकलेली. पुढे दीडशे वर्षांत वीज, रेल्वे, दवाखान्यातली मशीन्स, बल्ब, चिप्स, फोन, सगळंच. हो, फोनसुद्धा! तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माच्या आसपास सीमेन्सचे मोबाइल बाजारात होते. २००५ मध्ये तो धंदा तैवानच्या बेनक्यूला दिला, आणि गंमत म्हणजे वर पैसेही सीमेन्सनेच मोजले. वर्षभरात जर्मनीतली ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ३००० लोकांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. 'विभाजन' हा शब्द बातमीत गुळगुळीत वाटतो, म्हणून हे सांगतोय.

चिप्सचा विभाग १९९९ मध्ये वेगळा होऊन इन्फिनिऑन झाला. दिव्यांचा ऑसराम २०१३ मध्ये. घरगुती उपकरणांतला अर्धा हिस्सा बॉशला विकला, २०१५ च्या सुरुवातीला तो व्यवहार पूर्ण झाला. म्हणजे आज दुकानात 'सीमेन्स' लिहिलेला फ्रिज दिसला तर तो बॉशच्या घरचा आहे, नाव फक्त परवान्यावर. २०१८ मध्ये एमआरआय-सीटी स्कॅन बनवणारी हेल्थिनियर्स शेअर बाजारात आली आणि २०२० मध्ये टर्बाइन-ट्रान्सफॉर्मरवाली सीमेन्स एनर्जी.

मग उरलं काय? कारखान्यांचं ऑटोमेशन, इमारती आणि वीज वितरणाची यंत्रणा, रेल्वे. आणि या सगळ्याच्या वर सॉफ्टवेअर. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे.

२००७ मध्ये त्यांनी यूजीएस ही डिझाइन सॉफ्टवेअरची कंपनी साडेतीन अब्ज डॉलरला घेतली. २०१७ मध्ये मेंटॉर ग्राफिक्स, साधारण साडेचार अब्जांना. मार्च २०२५ मध्ये आल्टेअर, जवळपास दहा अब्जांना. यातलं मेंटॉर तुमच्या खिशाशी थेट जोडलेलं आहे. फोनमधली चिप फॅक्टरीत छापण्याआधी तिच्या नकाशातली प्रत्येक रेघ नियमात बसते का, दोन तारा फार जवळ तर आल्या नाहीत ना, हे तपासावं लागतं. कोट्यवधी आकार, हाताने शक्यच नाही. त्यासाठी उद्योगात सर्रास वापरलं जाणारं 'कॅलिबर' हे टूल आज सीमेन्सचं आहे. फोन बनवणं सोडलं, पण फोनच्या पोटात शिरले.

मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हे गणित मला लगेच पटतं. टर्बाइन एकदा विकलं की वीस-तीस वर्षं त्याची जबाबदारी गळ्यात. सॉफ्टवेअरचं वर्गणीसारखं, दरवर्षी पैसे. दोन्ही एकाच ताळेबंदात ठेवले की गुंतवणूकदार सगळ्यालाच जड धंद्याचा भाव देतात. म्हणून वेगळं करा.

पण गणित उलटंही फिरतं. २०२३ मध्ये पवनचक्क्यांमधल्या बिघाडांमुळे सीमेन्स एनर्जीचा शेअर जूनमधल्या एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला, आणि नोव्हेंबरमध्ये जर्मन सरकारला साडेसात अब्ज युरोंची हमी द्यावी लागली. सगळे म्हणाले, बरं झालं आधीच वेगळी केली. मग आलं एआय. डेटा सेंटरला वीज हवी, विजेला गॅस टर्बाइन आणि ग्रिड हवं. २०२४ मध्ये तोच शेअर कित्येक पटींनी वाढला. जर्मन सीमेन्स मात्र तोवर आपला हिस्सा कमी करत आणत होती. सॉफ्टवेअरवाले आम्ही 'जड' धंद्यांना हसतो, पण आमचे सर्व्हर त्याच विजेवर चालतात.

आपल्याकडे याचं सगळ्यात ठळक रूप म्हणजे रेल्वे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय रेल्वेने ९००० अश्वशक्तीच्या १२०० मालवाहू इंजिनांची ऑर्डर सीमेन्सला दिली, सुमारे तीन अब्ज युरोंची. जोडणी गुजरातेत दाहोदला, आणि ३५ वर्षांच्या देखभालीसाठीच्या चार डेपोंपैकी एक पुण्यात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात असाल तर फक्त अ‍ॅप डेव्हलपमेंटच्या मागे लागू नका, पीएलसीच्या लॅबलाही जरा बसा. मी तेव्हा ती लॅब बुडवून कँटीनला जायचो. आज रिकामा वेळ काढून यूट्यूबवर तेच शिकतोय.

१९ जून २०२५ ला सीमेन्स एनर्जी इंडिया २८०० रुपयांच्या वर लिस्ट झाली. मावसभावाला त्याचे सहा शेअर मिळाले, तेव्हा कुठे त्याला हिशेब पटला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मन सीमेन्सने हेल्थिनियर्सचे ३० टक्के शेअर थेट आपल्या भागधारकांना द्यायचं जाहीर केलं. लगेच फोन: "दादा, मला पण मिळणार ना?" नाही रे बाबा. ते म्युनिकच्या कंपनीच्या भागधारकांना. तुझी मुंबईची सीमेन्स लिमिटेड वेगळी कंपनी आहे, आणि तिने आपला आरोग्य व्यवसाय २०१६ मध्येच विकलाय.