लवादाची मुदतवाढ आणि व्याज न घेणारा व्यापारी

कापडाच्या ठोक व्यापारात बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत लवादाचे कलम छापलेले असते. मुंबईच्या कापड बाजारात हिंदुस्तान चेंबर ऑफ कॉमर्स आणि भारत मर्चंट्स चेंबर यांच्यामार्फत असे वाद मिटवण्याची पद्धत जुनी आहे. दिवाणी कोर्टाच्या तारखांतून सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू. तो आता कितपत शिल्लक आहे, याचा विचार खानदेशातील व्यापारी बांधवांनी करायला हवा.

१९४० च्या कायद्यात निवाड्यासाठी ४ महिने होते आणि ते वाढवून देण्याचा अधिकार कोर्टाला होता. १९९६ च्या कायद्याने मुदतच काढून टाकली. २०१५ साली कलम २९-अ घालून ती परत आणली: १२ महिने, दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी ६, त्यापुढे कोर्टाच्या परवानगीनेच. २०१९ च्या दुरुस्तीने हे १२ महिने दावा-जबाब पुरे झाल्यापासून मोजायचे ठरले आणि दावा-जबाबाला वेगळे ६ महिने मिळाले. म्हणजे बोलायला १२, हिशेबाला २४.

मुदत उलटून गेल्यावर मुदतवाढीचा अर्ज चालतो का, यावर हायकोर्टांत मतभेद होते. कलकत्ता नाही म्हणत होते, मुंबई हो. १२ सप्टेंबर २०२४ रोजी रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने असा अर्ज चालेल असा निकाल दिला. मात्र पुरेसे कारण दाखवावे लागेल. निकाल रास्त आहे. साक्षी-पुरावे झाले, पंचांची फी भरली आणि केवळ तारीख उलटली म्हणून सारे पुन्हा पहिल्यापासून करायचे, तर त्यात फायदा फक्त देणेकऱ्याचा.

पण उशिराची किंमत कोण मोजतो? कायद्याचे उत्तर आहे व्याज. निवाड्यात वेगळे काही म्हटले नसेल तर निवाड्याच्या तारखेपासून प्रचलित दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज चढते. आता समजा, भुसावळच्या एखाद्या व्यापाऱ्याचे ३ लाख अडकले आहेत आणि तो सूद हराम मानतो. त्याला तीन वर्षांनीही ३ लाखच मिळणार. दरम्यान सुरत-मालेगावचा माल रोखीने उचलता आला नाही, रमजान ईदचे आणि लग्नसराईचे दोन-तीन हंगाम गेले. इतरांसाठी मुदतवाढ म्हणजे गैरसोय. याच्यासाठी निव्वळ तोटा.

मोहलत द्यायला आपली ना नाही. सूरह बकरामध्ये तंगीत असलेल्या कर्जदाराला मोहलत देण्याचा हुकूम आहे. पण ऐपत असून देणे लांबवणाऱ्याला हदीसने जालीम ठरवले आहे. कोर्टाने मुदत वाढवताना हाच फरक पाहावा. त्यासाठी नवा कायदा नको. उशीर पंचांमुळे झाला असेल तर त्यांची फी दरमहा ५ टक्क्यांपर्यंत कापता येते. पक्षकारावर प्रत्यक्ष खर्च किंवा जरब बसेल इतका खर्च लादता येतो. हे सारे कलम २९-अ मध्येच लिहिलेले आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च मिळणे म्हणजे सूद नव्हे, असे मला वाटते. उलेमांनी यावर खुलासा केला तर बरे होईल. व्याज न घेणाऱ्याला भरपाईचा दुसरा दरवाजा कायद्यात मला तरी दिसत नाही. म्हणून मुदतवाढीच्या अर्जाला नुसते ‘हरकत नाही’ असे उत्तर देऊ नये. वकिलाकडून खर्चाची मागणी लेखी करून घ्यावी. गाडीभाडे, वकील फी, बंद राहिलेले दुकान, सगळे तारीखवार.

आणखी एक. ६ महिन्यांची संमती तोंडी देऊ नये, आणि तीही देणेकऱ्याकडून हप्त्याची काही रक्कम हाती पडल्याशिवाय देऊ नये. मुदत संपण्याआधी अर्ज टाकलेला बरा, कारण अर्ज पडून असेपर्यंत पंचांचा अधिकार चालू राहतो. पंच आपसांत जळगावात नेमला असेल तर अर्ज जिल्ह्यातच चालतो. बिलावर मुंबईचे ठिकाण छापलेले असेल तर प्रत्येक तारखेला रात्रीची गाडी पकडावी लागते. तेव्हा माल उचलण्यापूर्वी ते बारीक अक्षर वाचावे आणि जमल्यास ठिकाण जळगाव करून घ्यावे. मोठा गिऱ्हाईक असेल तर सुरतवाला ऐकतोही.

असा अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असेही त्याच कलमात आहे. ही तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहून ठेवावी.