समुद्राकडे तोंड, कोळीवाड्याकडे पाठ

गोंदियाहून मामाचा फोन आला की प्रश्न ठरलेले असतात. "जेवला का?" मग "पगार वाढला का?" आणि तिसरा, "घरून समुद्र दिसते का रे?"

नाही दिसत. मी वर्सोव्याला राहतो, यारी रोडच्या एका गल्लीत, वन बीएचकेमध्ये, एका मित्राबरोबर. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा जिना दिसतो आणि त्या जिन्यात सायकल लावावी की नाही यावरून चाललेली भांडणं ऐकू येतात. समुद्र दहा मिनिटं चालत. पण मामाला एवढं पुरत नाही. भाचा मुंबईला समुद्राकाठी राहतो म्हणजे खिडकी उघडली की लाट घरात, असा त्याचा हिशेब.

गंमत अशी की या बाबतीत मामाचं आणि इथल्या बिल्डरांचं एकमत आहे. सध्या मी घर बघतोय (म्हणजे परवडत नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत :)). दर रविवारी एक एजंट मला फिरवतो. त्याच्याकडून शिकलेले शब्द: सी-फेसिंग, सी-व्ह्यू, पार्शल सी-व्ह्यू. पार्शल म्हणजे बाल्कनीच्या कठड्याला पोट टेकवून मान डावीकडे वळवली की दोन टॉवरच्या फटीतून जी निळसर रेघ दिसते ती. त्या रेघेचे वेगळे लाखो रुपये. "सर, व्ह्यूचेच तर पैसे आहेत," असं तो शांतपणे म्हणाला.

ब्रोशरमधला समुद्र बघा कधी. निळाशार. त्यात होडी नाही, जाळं नाही, माणूस नाही. माणूस असलाच तर बाल्कनीत, हातात कॉफीचा मग घेतलेला. खरा वर्सोव्याचा समुद्र पावसाळ्यात कटिंग चहाच्या रंगाचा असतो आणि त्याला वास असतो. हा लेख त्या वासाबद्दलच आहे.

त्याआधी एक कबूल करतो. मला हे उपनगर मनापासून आवडतं. सकाळी जेट्टीकडे गेलं की बोटी लागलेल्या असतात, बर्फ फुटत असतो, टोपल्या हलत असतात, आणि आपण मध्ये उभे राहिलो तर हक्कानं "बाजूला हो रे" असं ऐकायला मिळतं. तिथूनच पलीकडे मढला फेरीबोट जाते. खाडी ओलांडायला काही मिनिटं, पण रस्त्यानं जायचं तर मालाडला मोठा वळसा. बोटीत मोटरसायकली, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, शूटिंगला निघालेले स्ट्रगलर, सगळे एकत्र. ओहोटी लागली की वाळूवर क्रिकेट. संध्याकाळी जुहू, नाहीतर बांद्र्याला कार्टर रोड, बँडस्टँड. तिथल्या कट्ट्यावर बसायला तिकीट नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणारं कुटुंबही तिथे बसतं आणि त्यांना दिसणारा सूर्यास्त मागच्या कोट्यवधींच्या फ्लॅटमधल्या सूर्यास्ताइतकाच लाल असतो. ज्या शहरात घरात पाय पसरायला जागा नाही, तिथे किनारा ही सगळ्यांची बैठकीची खोली आहे. समुद्राकाठच्या उपनगराचं खरं आकर्षण हेच. ते फुकट आहे आणि ते सामाईक आहे.

आता माझी चूक सांगतो.

दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण थांबला आणि कोळीवाड्यात मासळी वाळत पडायला लागली. बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला. वारा आमच्या बाजूचा असला की वास येतो. तर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की या वासानं जगणं अशक्य झालंय, फ्लॅटचे भाव पडतील, पालिकेकडे तक्रार करून हे सगळं दुसरीकडे हलवायला लावू. दुसऱ्या दिवशी वॉचमन कागद घेऊन दारोदार आला. माझा स्टँडअप कॉल चालू होता. हेडफोन कानात, कॅमेरा बंद. मी न वाचता सही केली. युजर अ‍ॅग्रीमेंटवर करतो तशी.

संध्याकाळी कागदात काय होतं ते कळलं. "हलवा." कोणाला? जे तिथे आमच्या सोसायटीच्या, यारी रोडच्या आणि बहुधा 'सोसायटी' या शब्दाच्याही आधीपासून आहेत, त्यांना. आणि सही कोणाची? ज्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे, त्याची!

नंतर दिवाळीला गावी गेलो. विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर आणि वर अर्धी सकाळ. आमच्याकडे समुद्र नाही, पण पाणी आहे. भंडारा-गोंदिया हा तलावांचाच मुलूख. गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांना बोलण्यात 'मामा तलाव' म्हणतात. (माझ्या मामाचा काही संबंध नाही, पण त्याला तसं सांगायला आवडतं.) हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. डोंगराच्या कुशीत मातीची पाळ घालायची, पाऊस अडवायचा आणि त्यावर धान पिकवायचं. नवेगावबांधच्या मोठ्या तलावाचं श्रेय परंपरेनं कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. तलावात मासेमारी करायची ढिवरांनी. शिंगाडाही त्याच पाण्यातला. धानाच्या बांधीत आणि तलावाच्या काठाला, महाराष्ट्रात आता फार थोड्या ठिकाणी उरलेला सारस. तिकडे कोहळी, इकडे कोळी. एका अक्षराचा फरक आणि हजारेक किलोमीटरचं अंतर, पण दोघांचंही पाण्याशी नातं बघण्याचं नाही, कामाचं आहे.

पाळ फुटली तर गावानं धावायचं. पाणी कोणाच्या बांधीत आधी जाणार, हे गावानं ठरवायचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि हळूहळू "आपला तलाव" हा "सरकारचा तलाव" झाला. मग गाळ साचला, बेशरमची झुडपं माजली. (काही झाडांची नावं किती अचूक असतात ना?) पाण्याकाठी राहणाऱ्यांचं पाण्याशी असलेलं काम सुटलं की पाणी मरतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, आमच्या गावात पाहिलंय.

तर मामा मला गाडीवर बसवून एका तलावाकडे घेऊन गेला. मोठ्या उत्साहानं. पाळीच्या अलीकडे चुन्याच्या रेघा मारलेल्या, खांब रोवलेले आणि भला मोठा बोर्ड: लेक व्ह्यू प्लॉट्स. बोर्डावर निळंशार पाणी. त्यात ढिवर नाही, डोंगा नाही, जाळं नाही. माणूस एकच, बाल्कनीत, हातात कॉफीचा मग. तेच चित्र! मामा म्हणाला, "घेऊन टाकू का एक? तुझ्या मुंबईसारखं होईल."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. पाळीपलीकडे एक ढिवर जाळं झटकत होता. मी मामाला विचारलं, प्लॉट विकले गेल्यावर हा कुठून उतरणार? मामा म्हणाला, "थो कायले उतरते मंग? वास मारते ना." मामा वाईट माणूस नाही. त्यानं फक्त माझी सही आधीच करून ठेवली होती.

म्हणून माझा मुद्दा स्पष्ट मांडतो. 'सी-फेसिंग' ही जीवनशैली नाही, ती समुद्राची काटछाट आहे. समुद्रातून वास, आवाज, घाम आणि माणसं वजा करायची आणि उरलेली निळी रेघ चौरस फुटाच्या भावानं विकायची. आणि ही रेघ विकत घेणाऱ्याला वाटायला लागतं की समुद्रही आपल्या सातबाऱ्यावर चढला.

यावर मला मिळालेली उत्तरं अशी. एक, "कोळीवाड्यामुळे किनारा घाण होतो." अरे बाबांनो, वर्सोव्याच्या वाळूवर कंबरेएवढा साचलेला कचरा होता तो काय बोंबलाचा होता? तो प्लास्टिकचा होता, आपल्या सगळ्यांच्या घरातून नाल्यांवाटे गेलेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या इथे राहायला आलेल्या वकिलांनी आपल्या एका वृद्ध शेजाऱ्याबरोबर तो उचलायला सुरुवात केली, मग हजारो लोक जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. म्हणजे टॉवरमधली माणसं वाईट आणि कोळीवाड्यातली देवमाणसं, असं मी म्हणतच नाहीये. बाहेरून आलेला माणूसही किनाऱ्याचा होऊ शकतो. फक्त त्यासाठी बाल्कनीतून खाली उतरावं लागतं.

दोन, "प्रगती नको का?" हवी की. कोस्टल रोडचा पहिला भाग २०२४ मध्ये सुरू झाला, मी त्यावरून जाऊन टाळ्याही वाजवल्यात. पण त्याच रस्त्याच्या वरळीच्या टोकाला काय झालं आठवतंय? पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. कोळी म्हणाले, लाटांमध्ये यातून बोट काढणं धोक्याचं आहे. बराच काळ भांडल्यावर, २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट घेताना एंड युजरला विचारायलाच विसरले आणि प्रॉडक्शनमध्ये बग निघाला.

तीन, "कायदा आहे ना!" आहे. १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर बंधनं आणली. २०११ ची नवी अधिसूचना आली, २०१९ ची आली आणि शहरी किनाऱ्यावर एफएसआयची जुनी बंधनं सैल झाली. पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कमलनाथ खटल्यात सांगितलेलं तत्त्व अजून तिथेच आहे: समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल हे सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असतं. ठेव. विक्रीला काढलेला माल नव्हे.

कोळी दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद ठेवतात, मासळीला अंडी घालू द्यावी म्हणून. दोन महिने धंदा बंद. आपल्यापैकी कोणी समुद्रासाठी दोन दिवसांचा पगार सोडलाय का? मग वासाबद्दल तक्रार करण्याचा हक्क नेमका कशाच्या जोरावर?

असो. परत आल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की माझी सही मी मागे घेतोय आणि का ते थोडक्यात लिहिलं. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला आला आणि काकांनी "भाडेकरूंनी सोसायटीच्या विषयात पडू नये" असं कळवलं. मित्र म्हणतो, आता करार रिन्यू होतोय का बघ. बघू.

मामाला फोन करून प्लॉट घेऊ नको म्हटलं. तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तेच तीन प्रश्न. "घरून समुद्र दिसते का रे?"

म्हटलं, "दिसत नाही मामा. पण वास येतो."

"मंग ठीक आहे," मामा म्हणाला. "म्हणजे जवळच आहे."