ती माझा क्रूस नाही

गेल्या आठवड्यात वसईच्या होळी बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. ओळखीच्या एका बाईंनी हात धरला. म्हणाल्या, "काका, देवाने तुमच्या खांद्यावर मोठा क्रूस ठेवलाय. मुकाट सोसा, वर फळ मिळेल." त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून तिथे मी काही बोललो नाही. पण ते बोलणं मला मान्य नाही.

माझ्या पत्नीला पार्किन्सन होऊन अकरा वर्षं झाली. मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो, चाल मंदावते, हसू आतल्या आत अडकतं. आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. लेव्होडोपाच्या गोळ्या आहेत, त्या घड्याळ लावून द्यायच्या, तेही जेवणाच्या बऱ्याच आधी, कारण मासळीतली, डाळीतली प्रथिनं गोळीच्या आड येतात. आमच्याकडे ताट कधी वाढायचं ते गोळी ठरवते. हा आजार क्रूस आहे, मान्य. पण तो तिच्या खांद्यावर आहे. मी फार तर तो उचलू लागणारा कुरेनेकर शिमोन. ज्या बाईने माझे पगार नसलेले चार महिने काढले, जी आजही कालवणात मीठ जास्त झालं की मला सुनावते, तिला क्रूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याहून वाईट शब्द एका प्रार्थनासभेत ऐकला. तिला सांगण्यात आलं की श्रद्धा पुरेशी नाही, म्हणून गुण येत नाही. घरी येईपर्यंत ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. रात्री तिने विचारलं, "माझं काय चुकलं असेल?" असं बोलणाऱ्यांना मी विचारतो, पोप दुसरे जॉन पॉल यांची श्रद्धा कमी पडली होती का? त्यांनाही हाच आजार होता. 1992 मध्ये त्यांनी जागतिक रुग्ण दिन जाहीर केला, 1993 पासून तो 11 फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला, आपण पाळतो. 2 एप्रिल 2005 ला ते गेले, तेही बरे न होताच. ख्रिस्तसभेने 2014 मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं. पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्याची तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. आणि जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी पाप कोणाचं, असं विचारलं, तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. योहानाचा नववा अध्याय उघडून पाहा. मग आजाऱ्याच्या श्रद्धेची मोजमापं घेण्याचा अधिकार कोणाला कुठून मिळाला?

औषध की प्रार्थना, हा वाद तर वसईत तरी व्हायला नको. आपल्याकडे रमेदी नावाचं गाव आहे. हे नाव पोर्तुगीजांच्या 'रेमेदिउश' मातेवरून आलं, म्हणजे उपायांची, औषधांची माता. बेन सिराचा ग्रंथही वैद्याचा मान राखायला सांगतो.

आता दुसरी बाजू. माझा एक जुना सहकारी, सज्जन माणूस, म्हणतो, "देवाने तुला काय दिलं? एक बाई ठेव आणि मोकळा हो." बाई ठेवायला माझी हरकत नाही. थकलेला माणूस चिडतो, मी चिडलो आहे, आणि त्याची कबुलीही दिली आहे. पण 'मोकळा हो' यातला मोकळेपणा मला नको आहे. देवाने काय दिलं, त्याचं एक उदाहरण सांगतो. या आजारात चालताना पाय जमिनीला खिळतात, बहुतेक वेळा दारातच. उंबरठ्याशी ती थांबते आणि पाय उचलत नाही. ओढून उपयोग नसतो, ती पडते. मग मी शेजारी उभा राहून 'नमो मरिया' हळूहळू, ठेक्यात म्हणू लागतो. दोन-चार शब्दांनंतर तिचा आवाज मिसळतो आणि पाऊल सुटतं. डॉक्टर सांगतात, हा तालाचा परिणाम आहे, टाळी वाजवली तरी चालेल. खरं आहे, मी याला चमत्कार म्हणत नाही. पण हा ताल तिच्या अंगात लहानपणापासूनच्या रोझरीने मुरवला आहे, आणि भीतीने गोठलेल्या माणसाला टाळी कोणाला हाक मारायची ते सांगत नाही.

माझं खरं भांडण मात्र आपल्याच समाजाशी आहे. आजारपणात आणि आरोग्यात साथ देण्याचं वचन आम्ही वेदीपुढे दिलं. लग्नसंस्कार वधूवर एकमेकांना देतात, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार समोर असावे लागतात, हे ख्रिस्तसभेचं शिक्षण. साक्षीदार कशासाठी? केवळ रजिस्टरमध्ये सही करायला? मांडवात जेवलेला सगळा गाव त्या वचनाला बांधलेला आहे, असं मी मानतो. 1918 मध्ये मोन्सेनियर मोनिस यांच्या पुढाकाराने वसईच्या कॅथलिकांनी पतपेढी काढली. कर्ज एकट्याने फेडायचं नसतं हे आपल्या आजोबांना कळलं, आणि त्याच पतपेढीची आज मोठी बँक झाली आहे. मग रात्रीची जागरणं एकट्याने का फेडायची? याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. रुग्णाभ्यंग हे फक्त 'शेवटचं तेल' नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केलं. तरी अजून फादर तेल घेऊन आले की शेजारी दचकतात.

आणखी एक बोचतं. मी बायकोचे केस विंचरतो म्हणून लोक माझं कौतुक करतात. पापडीपासून भुईगावापर्यंत कितीतरी बायका वर्षानुवर्षं नवऱ्याचं सगळं करतात, त्यांना कोणी थांबवून दोन शब्द बोलत नाही. त्यांना 'सोसा' एवढंच सांगितलं जातं. या बायांच्या दारात आधी जा.

आमच्याकडे यायचं असेल तर दुपारी चारनंतर या, तीनची गोळी तोवर लागू पडलेली असते. तिला बाजारातल्या गोष्टी ऐकायला आवडतात. बोलायला वेळ लागतो, तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. उंबरठ्यावर तिच्या पावलांसाठी पांढरी पट्टी चिकटवली आहे, ती ओलांडून सरळ आत या.