सोप्या समीकरणामागची मोजणी

१९०५-०६ च्या प्लेगात मुंबईत दर आठवड्याला किती माणसे दगावली, ते आकडे १९२७ साली एडिनबरोत कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीचे आपले गणित पडताळायला वापरले. मॅकेंड्रिक भारतातल्या वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर. आदल्याच वर्षी त्यांनी आणखी एक समीकरण मांडले होते: माणसे जन्मतात, वाढतात, मरतात, तेव्हा कोणत्या वयाची किती उरतात? वयाच्या जागी खोडाची जाडी ठेवली की हेच समीकरण जंगलाला लागू पडते.

पण ते तिथवर पोहोचायला ऐंशी वर्षे गेली. दरम्यान, १९७२ मध्ये बॉटकिन, जनाक आणि वॉलिस यांनी न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलासाठी ‘जाबोवा’ हे संगणकीय प्रारूप रचले. दहा मीटर लांबरुंद तुकड्यातले एकेक झाड दरवर्षी किती वाढते, कधी मरते, हे संगणक मोजत जाई. नव्वदीत आलेल्या ‘सॉर्टी’ने प्रत्येक झाडाची नेमकी जागा आणि त्याच्या वाट्याचा प्रकाशही हिशेबात घेतला. उत्तर मिळे, ते तसेच का आले, हे मात्र त्या गुंत्यातून सांगता येत नसे.

२००८ मध्ये स्ट्रिगुल, पर्व्हिस, पकाला आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी गोष्ट गृहीत धरली. झाड जागचे हलत नाही, पण त्याचा पर्णसंभार मोकळ्या प्रकाशाकडे सरकतो. मग झाडाची जागा विसरली तरी चालते आणि मॅकेंड्रिक यांचे समीकरण वापरता येते. एक उंची ठरते: तिच्या वरची झाडे उन्हात, खालची सावलीत. एवढ्यावर मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या जंगलांतील शतकभराची स्थित्यंतरे बऱ्यापैकी जुळली. मला हे विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या प्रारूपांइतकेच मोलाचे वाटते, कारण इथे कारण दिसते.

तरीही हे सोपेपण फुकट आलेले नाही. त्यामागे ‘सॉर्टी’चा सारा तपशील आहे आणि १९२८ च्या कायद्यानंतर अमेरिकेने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली झाडांची सरकारी मोजणी आहे. आज जंगलातल्या कार्बनचे अंदाज बांधणाऱ्यांना सूत्र हवे असते, मोजणीचा खर्च नको असतो. पण मेळघाटच्या सागवानी जंगलात उन्हाळ्यात पाने गळतात, वणवे लागतात, गुरे चरतात. तिथे नुसत्या सावलीच्या हिशेबाने भागणार नाही. काय वगळायचे ते तिथली झाडे वर्षानुवर्षे मोजूनच कळेल. तमिळनाडूत मुदुमलाईला ५० हेक्टरांवर १९८८ पासून असे काम चालले आहे. महाराष्ट्राच्या वनविभागाने आणि विद्यापीठांनी त्यासाठी कायमचे भूखंड राखावेत, आणि दर अर्थसंकल्पात त्यांचा पैसा वेगळा काढावा.