सूत्रधाराचा टेकू

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या नियमांत तोल असावा की नसावा, हा वाद जवळजवळ त्या खेळाइतकाच जुना आहे. आणि ‘तोलाची चिंता करण्याचे कारणच नाही, सूत्रधार सांभाळून घेईल’ असे निर्धास्तपणे सांगणारा जो एक मोठा पक्ष त्या वादात प्रथमपासून उभा आहे, त्याच्या म्हणण्याची एकदा सविस्तर तपासणी व्हावी, असे अनेक वर्षे या खेळाच्या मेजावर बसत आल्यामुळे मला तीव्रतेने वाटू लागले आहे. ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढाच खुलासा पुरे की, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावातून प्रथम प्रसिद्ध झाला. चारपाच गडी एका मेजाभोवती बसतात, कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित, कोणी चोर. डंजन मास्टर म्हणून बसलेला सूत्रधार संकटांची कथा रचतो. आणि जेथे जेथे शंका उत्पन्न होते तेथे वीस बाजूंचा फासा निवाडा करतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्याच बाजूने मांडले पाहिजे. तो म्हणतो की, बुद्धिबळात दोन पक्ष परस्परांविरुद्ध लढतात म्हणून तेथे समतोल हवा. येथे सर्व गडी एकाच बाजूचे, तेव्हा मांत्रिक योद्ध्याहून दसपट बलाढ्य झाला तरी विजय सर्वांचाच. शिवाय प्रत्येक नियमात फेरफार करण्याची मुभा सूत्रधाराला पुस्तकानेच दिलेली आहे. मग नियम सदोष असला तरी बिघडले काय?

या युक्तिवादातील पहिला भाग वरवर निरुत्तर करणारा आहे, आणि मीही तो पुष्कळ दिवस खरा मानीत होतो. पुढे आमच्याच मेजावर जे घडले त्याने माझे मत पालटले. आम्ही खेळत होतो ती २००३ सालची सुधारित तिसरी आवृत्ती. आमच्यातील एका गृहस्थांनी चोराची भूमिका घेतली होती, आणि दीड वर्षभर, पातळीमागून पातळी, मिळेल तो कौशल्यगुण कुलपे उघडण्याच्या विद्येत घातला होता. मग मांत्रिकाने ४,५०० सुवर्णनाण्यांना एक छडी विकत घेतली. तिच्यात कुलूप उघडण्याचा दुसऱ्या पातळीचा मंत्र पन्नास वेळा वापरण्याइतका भरलेला होता, आणि त्या मंत्राला फासा टाकावाच लागत नव्हता. त्या रात्री आमच्या संघाचा जय झाला, खजिनाही सर्वांना सारखा वाटला गेला. पण त्या गृहस्थांना दरवाजापुढे येण्याचे कारण उरले नाही, आणि महिनाभराने ते येईनासे झाले. कोणी कोणावर अन्याय केला नव्हता. मांत्रिकाने नियमाने दिलेले साधन वापरले, सूत्रधाराने नियमाप्रमाणे ते वापरू दिले. खेळ सहकाराचा आहे, हे म्हणणे त्या संध्याकाळीही अक्षरशः खरे होते. परंतु या खेळात गडी येतो तो जयाचा वाटा घेण्यासाठी येत नाही, त्या जयाला आपला हात लागावा म्हणून येतो, आणि तोल या शब्दाचा माझ्या मते एवढाच अर्थ आहे की, मेजावर बसलेल्या प्रत्येकाला संध्याकाळभरात असा प्रसंग मिळावा की जेथे त्याच्यावाचून अडले असते.

आता ‘सूत्रधार सांभाळून घेईल’ या मुद्द्याकडे वळू. भिंत कलली आणि भाडेकऱ्याने तिला टेकू दिला, तर भाडेकरू कर्तबगार ठरेल. भिंत सरळ होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. नियम दुरुस्त करता येतो या म्हणण्यातच तो दुरुस्तीस पात्र आहे याची कबुली आहे. शिवाय सूत्रधाराचा हा टेकू बहुधा लिखित नसतो. एका रात्री तो मंत्र चालू देत नाही, दुसऱ्या रात्री चालू देतो. आपली भूमिका कोणत्या भरवशावर घडवावी हे गड्याला कळत नाही. आणि जी हरकत ग्रंथकर्त्याविरुद्ध जायला हवी ती मित्राविरुद्ध जाते. आठवडाभर कामधंदा सांभाळून शनिवारी चार घटका कथा सांगायला बसणाऱ्या माणसावर ग्रंथकर्त्याच्या चुकांचे दप्तर लादणे मला मुळीच न्याय्य वाटत नाही.

मुळात हा दोष आला कोठून, याचा शोध घेतल्यावाचून दुरुस्तीची कोणतीही तजवीज करणे व्यर्थ आहे. पुष्कळांची समजूत अशी की, मांत्रिक आरंभापासूनच अनिर्बंध होता. ही समजूत चुकीची आहे. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मंत्र पाठ करण्यास मंत्राच्या दर पातळीमागे दहा मिनिटे लागत, म्हणजे नवव्या पातळीच्या एकाच मंत्रास दीड तास. मंत्र म्हणत असता अंगावर घाव बसला की तो मंत्र वाया जाई. दुसरी पातळी गाठण्यास चोराला १,२५०, योद्ध्याला २,००० आणि मांत्रिकाला २,५०० अनुभवगुण लागत. आणि सतरा पातळ्या चढलेल्या योद्ध्याने वीस बाजूंच्या फाशावर सहा किंवा अधिक टाकले की मंत्र त्याच्यावर निष्फळ होई. ही सर्व बंधने कटकटीची होती हे मी नाकारीत नाही. ती कटकट काढून टाकावी या प्रामाणिक हेतूने २००० साली विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या संस्थेने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना दुसऱ्या पातळीसाठी सरसकट १,००० गुण ठरविले, सारे मंत्र एका तासात तयार करण्याची सवलत दिली, घाव बसल्यावर मंत्र वाचविण्यासाठी फासा टाकू दिला, आणि बचावाचा आकडा मांत्रिकाच्या बुद्धीबरोबर वाढता ठेवला. या शेवटच्या फरकाचा परिणाम पाहावा : सतराव्या पातळीच्या योद्ध्याच्या मनोनिग्रहाची मूळ भर अवघी पाच, शहाणपण आणि मंतरलेला झगा मिळून आणखी सहा धरली, तरी आठ भर असलेल्या बुद्धिमान मांत्रिकाच्या नवव्या पातळीच्या मंत्राचा सत्तावीसचा आकडा गाठण्यास त्याला सोळा किंवा अधिक टाकावे लागतात. पूर्वी वीसांत पंधरा वेळा वाचणारा योद्धा आता वीसांत पाच वेळा वाचू लागला. एकेक खांब अडचणीचा म्हणून काढला गेला, आणि त्यांवर आढे टेकलेले आहे हे कोणी पाहिले नाही.

या प्रकाराचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे ‘हेस्ट’ नावाचा त्वरेचा मंत्र. दुसऱ्या आवृत्तीत तो ज्याच्यावर पडे त्याची चाल आणि घाव दुप्पट होत, पण त्याचे वय एका वर्षाने वाढे, आणि मंत्रोच्चाराला मात्र त्वरा मिळत नसे. तिसऱ्या आवृत्तीने वयाची अटही काढली आणि मंत्रोच्चाराविषयीचे ते वाक्यही. परिणामी योद्ध्याच्या उपयोगाचा मंत्र मांत्रिकाने स्वतःवर घालून एका फेरीत दोन दोन मंत्र म्हणण्यास प्रारंभ केला. २००३ च्या सुधारणेत त्या मंत्रातील जादा कृती काढून केवळ एक जादा घाव ठेवण्यात आला. एक वाक्य गाळल्याची किंमत तीन वर्षे जगभरच्या मेजांनी भरली.

तोल साधायला गेले की सर्व भूमिका एकसारख्या होतात, हा प्रतिपक्षाचा तिसरा आक्षेप; त्यात तथ्य आहे. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने योद्ध्याच्या घावांना आणि मांत्रिकाच्या मंत्रांना एकाच साच्यात बसविले : काही सदैव, काही प्रत्येक झुंजीत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा तोल पुष्कळ साधला, पण दोन गड्यांच्या हातांतील कागद वाचताना भूमिकेचा भेद जाणवेना. एवढे मान्य करूनही मी म्हणेन की, हा दोष तोलाचा नाही; साम्य म्हणजेच तोल असे मानण्याचा आहे. त्याच आवृत्तीतील दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. पातळी वाढेल तसे शत्रूंचे संरक्षण गड्यांच्या नेमापुढे धावते हे लक्षात आल्यावर २००९ साली पुढील पुस्तकातून ‘एक्स्पर्टीज’ नावाची विशेष प्रावीण्ये देण्यात आली. पातळीनुसार एक, दोन, तीन अशी भर ती देत. म्हणजे हिशेबाची चूक ग्रंथकर्त्याची, आणि ती भरून काढण्यासाठी आपल्या मोजक्या प्रावीण्यांतून एक खर्ची घालायचे गड्याने. ही दुरुस्ती नव्हे; हा कर झाला.

मग खरी दुरुस्ती कशी असते? २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत एकाग्रतेचा जो नियम आला, तो मी आदर्श मानतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या पुष्कळशा मंत्रांना एकाग्रता लागते. एका वेळी असा एकच मंत्र धरून ठेवता येतो. घाव बसला की फाशाने दहा, किंवा घावाच्या निम्म्याइतका आकडा, यांतील जो मोठा असेल तो गाठावा लागतो, न गाठला तर मंत्र सुटतो. पूर्वी अदृश्य होऊन, उडत, त्वरेने, चार कवचांआड फिरणारा मांत्रिक या थोड्या वाक्यांनी जमिनीवर आला, तरी त्याचा एकही मंत्र हिरावला गेला नाही. आणि घाव चुकविण्यासाठी त्याला पुन्हा योद्ध्याच्या पाठीशी उभे राहावे लागले. जुने बंधन कशासाठी होते हे ओळखून, त्याची कटकट टाकून, त्याचे काम तेवढे या नियमाने परत आणले. पाचवी आवृत्ती निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. तिच्यातील ‘रेंजर’ नावाच्या भूमिकेचा पाळीव पशू झुंजीत हल्ला करी तो धन्याची स्वतःची कृती खर्च करून. सुधारलेला पशू छापील पुस्तकात येण्यास २०२० साल उजाडले. सहा वर्षे त्या भूमिकेचे गडी ‘सूत्रधार सांभाळून घेईल’ या आश्वासनावर बसून होते.

जे सूत्रधार आज आपापल्या मेजासाठी घरचे नियम करीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. नियम खोडण्यापूर्वी तो कोणाला आवरत होता हे जुन्या आवृत्त्यांत शोधा. बदल वहीत लिहा, आणि सर्वांना वाचून दाखवा. आणि येत्या शनिवारी फासे मांडण्याआधी, योद्धा किंवा चोर घेऊन बसलेल्या आपल्या गड्याला बाजूला घेऊन विचारा की, गेल्या तीन बैठकींत तुझ्यावाचून कोठे अडले होते. त्याला उत्तर सुचले नाही, तर दुरुस्ती तेथून सुरू करा.