काचपेटीला सवलत, कास्तकाराला पुरावा

अक्झोलॉटल हा बेडकाचा दूरचा, शेपटीवाला भाऊबंद. मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत तो आता नाममात्र उरला आहे. जगभरच्या हौशी मंडळींच्या काचपेट्यांत मात्र त्याची वीण अखंड चालू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अशा, आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित परदेशी प्राण्यांचे पालन व पैदास नोंदणीखाली आणली. पिल्ले जन्मली तर त्यांचीही वर्दी द्यावी लागते. हे योग्यच झाले. चोरट्या व्यापाराला आळा घालायचा तर नोंद हवीच.

तथापि या नोंदणीचा प्रारंभ कसा झाला, हे सिंदेवाहीच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने सूचनापत्र काढले: सहा महिन्यांच्या आत आपल्याजवळील प्राणी स्वेच्छेने जाहीर करा, कोणतेही कागदपत्र मागितले जाणार नाही. प्राणी कोणत्या वाटेने देशात आला, हा प्रश्नच त्या मुदतीपुरता मिटला.

आता सिंदेवाही तालुक्यातील वनजमीन कसणारा बिगर आदिवासी कास्तकार पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावयाचे आहे. १९३० सालचा कागद धीवराच्या वा कुणब्याच्या घरी कोठून असणार? मालगुजाराच्या दप्तरात त्याचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली होती? गावातील वृद्धांची साक्ष नियमांनी ग्राह्य धरली आहे. पण कचेरीत पुन्हा कागदच मागितला जातो. ऐपतदाराचा शब्द पुरतो, श्रमिकाचा पुरत नाही.

काचपेटीने प्राणी वाचतो, हा युक्तिवादही अर्धाच खरा. शहराचे सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे यांनी सोचिमिल्को ग्रासले. घरोघरच्या पैदाशीने तेथील पाणी निवळले नाही. इकडे मामा तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरत आहेत. तेथील मासोळी, बेडूक कोणत्या पेटीत ठेवणार? तलाव राखण्यात ज्यांचे पोट गुंतले आहे, त्यांच्या हाती तो असला तरच तो राहील.

वनक्षेत्रातील जलाशयांच्या मासळीवरील सामूहिक हक्क वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. ग्रामसभांनी हे दावे विनाविलंब दाखल करावेत, आणि पुराव्याबाबत काचपेटीच्या मालकांना २०२० मध्ये मिळाली तीच सवलत, तितक्याच स्वच्छ शब्दांत, शासनाकडून लेखी मागून घ्यावी.