राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, मग तुमच्या दारात किती?

गगनबावड्यात पाऊस कोसळायला लागला की कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सॲपवर एकच आकडा फिरतो, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पण हा आकडा नदीचा आहे, तुमच्या घराचा नाही. मग आपल्या घराचा धोका ओळखायचा कसा?

गगनबावड्याचा संबंध काय?

जिल्ह्यात सर्वाधिक पावसाच्या भागांत गगनबावडा येतो. इथलं पाणी कुंभी नदीतून खाली उतरतं. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. म्हणूनच शहरात ऊन पडलेलं असतानाही पंचगंगा चढत राहू शकते.

खुद्द गगनबावड्यातला धोका वेगळा आहे. घर उंचावर, कोरडं असतं. पण मांडुकलीजवळ पाणी आलं की कोल्हापूरचा रस्ता बंद. करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड कोसळली की कोकणाकडची वाटही अडते. घरात पाणी नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी पूररेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात.

'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द मात्र फसवे आहेत. एकदा पूर आला की पुढची ९९ वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच अर्थ. कोल्हापुरात २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा गेलं.

आता हिशोब ३० वर्षांच्या गृहकर्जाचा. घर बरोबर लाल रेषेवर असेल, तर हप्ते फिटेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेवर असेल तर ७१ टक्के!

नकाशात माझं घर दिसेल?

अमेरिकेत २०२० मध्ये 'फ्लड फॅक्टर' सुरू झालं. पत्ता टाकला की त्या घराला १ ते १० गुण मिळतात. आपल्याकडे गूगलचं 'फ्लड हब' आणि इस्रोचं 'भुवन' उपयोगी आहे. पण त्यातून परिसराचा अंदाज येतो. तुमच्या घराचं जोतं किती उंच आहे, हे ते सांगत नाहीत.

मग आपला आकडा कसा काढायचा?

- २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, ती खूण भिंतीवर शोधा. भाड्याने राहत असाल तर शेजाऱ्यांना विचारा.
- गल्लीच्या तोंडाशी, पायरीला आणि घरात पाणी आलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते? जुने मेसेज, तारीख असलेले फोटो आणि बातम्या जुळवून हे तीन आकडे लिहून ठेवा.
- बाहेर पडायचा रस्ता किती फुटांना बंद होतो, तेही लिहा. घर सोडायचा निर्णय याच आकड्यावर घ्या.
- आसपास नवे भराव पडले असतील तर जुन्या आकड्यांवर पूर्ण विसंबू नका.
- जागा घेताना पूररेषेचा नकाशा मागा. बिल्डरच्या तोंडी शब्दावर व्यवहार करू नका.

पुढच्या पावसात ४३ फुटांचा मेसेज येईल, तेव्हा तुमचा स्वतःचा आकडा फ्रीजवर चिकटवलेला असू द्या.